पेनसिल्व्हेनियातून टपालाने मतदान: अर्ज, लिफाफे आणि तारखांचा हिशोब

२०२४ च्या दिवाळीला साताऱ्याला जायचं हे आम्ही ऑगस्टमध्येच ठरवलं होतं. आई सत्त्याऐंशीची आहे. त्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्यानं फार त्रास दिला, आणि 'या वर्षी भाऊबीजेला ये' असं तिनं स्वतः फोन करून सांगितलं. तिकीट मिळालं २४ ऑक्टोबरचं, परतीचं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातलं. मध्येच ५ नोव्हेंबर, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यापासून मी प्रत्येक वेळी आमच्या केंद्रावर रांगेत उभं राहून मत दिलंय. टपालाने कसं देतात याची काहीच कल्पना नव्हती, आणि या वेळचं मत चुकवायचं नव्हतं.

आम्ही फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते पेनसिल्व्हेनियाचं आहे. प्रत्येक राज्याच्या तारखा आणि नियम वेगळे असतात, आणि आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण आपला अर्धा गोतावळा नदीपलीकडे न्यू जर्सीत असतो. एडिसनची मैत्रीण म्हणाली, 'अगं, मतदानाच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का असला की झालं.' न्यू जर्सीत ते खरं आहे, मतपत्रिका नंतर काही दिवसांत पोचली तरी चालते. पेनसिल्व्हेनियात नाही. इथे मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडणूक कार्यालयात प्रत्यक्ष पोचलेली असावी लागते. शिक्का कुठल्याही तारखेचा असो, ८ नंतर आलेली मोजत नाहीत.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती गंभीर आहे. मत फक्त नागरिकांना आहे. ग्रीन कार्डवर असाल, एच-वनवर असाल, तर लायसन्सच्या कचेरीत किंवा दुकानाबाहेरच्या टेबलावर कुणी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला तरी सही करू नका. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो, आणि परिणाम फार वाईट होऊ शकतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी राज्याच्या मतदान साइटवर बसून तारखा एका कागदावर उतरवल्या. नोंदणीची शेवटची तारीख २१ ऑक्टोबर. टपाली मतपत्रिकेसाठी अर्जाची शेवटची तारीख मंगळवार २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५. भरलेली मतपत्रिका पोचण्याची शेवटची वेळ मंगळवार ५ नोव्हेंबर, रात्री ८.

हे तिन्ही आकडे २०२४ साठी खरे होते, सरकारी होते, आणि तरीही त्यातल्या दुसऱ्याच्या भरवशावर राहणं धोक्याचं होतं. अर्जाची शेवटची तारीख आणि मतपत्रिका परत पोचण्याची शेवटची तारीख यांत एकच आठवडा आहे. त्या आठवड्यात काय काय व्हायला हवं ते मी मांडून पाहिलं. कार्यालयानं अर्ज तपासायचा, मतपत्रिका काढायची, पोस्टात टाकायची, ती आपल्या घरी यायची, आपण भरायची, परत पोस्टात टाकायची आणि ती कार्यालयात पोचायची. मध्ये रविवार. अमेरिकेचं पोस्ट खातं स्वतःच सांगतं की भरलेली मतपत्रिका मुदतीच्या किमान आठवडाभर आधी पोस्टात टाका. म्हणजे २९ ऑक्टोबरला अर्ज केलेल्या माणसाला पोस्टाचा रस्ता जवळजवळ बंदच आहे. त्यानं कार्यालयात स्वतः जाऊन अर्ज करायचा, तिथेच मतपत्रिका घ्यायची, तिथेच भरून द्यायची. अशी सोय आहे आणि ती चांगली आहे, पण शेवटच्या दिवशी तिला मोठी रांग असते. म्हणून अर्जाची शेवटची तारीख कायद्याची म्हणून लक्षात ठेवा, आणि आपली स्वतःची तारीख सप्टेंबरमध्ये धरा. या सगळ्या लिखाणातलं एवढं एकच ध्यानात राहिलं तरी मला पुरे आहे.

अर्जाच्या पानावर दोन प्रकार दिसतात, ॲबसेन्टी आणि मेल-इन, आणि पहिल्यांदा बघणारा तिथे अडतो. ॲबसेन्टी हा जुना प्रकार. मतदानाच्या दिवशी गावाबाहेर असाल, किंवा आजारपण वा अपंगत्वामुळे केंद्रावर जाता येत नसेल, तर कारण देऊन तो मागायचा. मेल-इन आला २०१९ च्या कायद्यानं, ज्याला इथे सगळे 'ॲक्ट ७७' म्हणतात. त्यात कारण लागत नाही, कुठल्याही नोंदणीकृत मतदाराला मागता येतो. मुदत दोन्हींची एकच, आत येणारे लिफाफेही तसेच. माझं कारण ॲबसेन्टीत बसत होतं, पण मी मेल-इन निवडला. ठरलेला प्रवास एखादवेळी रद्द झाला तर दिलेल्या कारणाचं काय, हा प्रश्नच त्यात येत नाही.

अर्ज ऑनलाइन केला. पेनसिल्व्हेनियाच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा नंबर टाकायचा. तो नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे ४ आकडे. नाव लायसन्सवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी नुसतं एक अक्षर असतं, आणि लायसन्सवर एक तर मतदार नोंदणीत दुसरं असलं की तपासणीत वेळ जातो. माझी नोंदणी आधी उघडून पाहिली, नाव-पत्ता जुळतो याची खात्री केली आणि मगच पुढे गेले. मतपत्रिका कुठल्या पत्त्यावर हवी ते विचारतात. साताऱ्याचा पत्ता देण्याचा विचार मनात आला होता, पण तिकडून परत पाठवलेली ती ५ नोव्हेंबरच्या आत इथे पोचेल याची हमी कोण देणार? निघायच्या आधी घरी येईल या हिशोबानं इथलाच पत्ता दिला. शेवटी एक चौकट असते: दर वर्षी असा अर्ज आपोआप हवा का. तिच्यावर खूण केली. पैसे काही लागत नाहीत.

अर्ज मिळाल्याचा ईमेल लगेच आला, मंजुरीचा काही दिवसांनी. त्यानंतरची वाट बघणं मात्र जड गेलं. त्या वर्षी मतपत्रिकेवर कुठल्या उमेदवारांची नावं असावीत याचे दावे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कोर्टात चालले होते, आणि ते मिटल्याशिवाय काउंटीला छपाई करता येत नव्हती. सप्टेंबर संपत आला, पितृपक्ष सुरू झाला, आणि राज्याच्या साइटवर माझ्या नावापुढे अजून तेच: अर्ज मंजूर. संध्याकाळी पोस्टाची पेटी उघडली की जाहिरातींचाच ढीग. प्रत्येक उमेदवाराचं चकचकीत पत्रक येत होतं, मतपत्रिका तेवढी येत नव्हती. २४ तारखेचं विमान डोक्यावर होतं. मी मनाशी ठरवलं की १५ ऑक्टोबरपर्यंत आली नाही तर सुट्टी काढून काउंटीच्या कार्यालयात जायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. नवऱ्याची आणि माझी एकाच दिवशी, दोन वेगळ्या पाकिटांत.

आत चार वस्तू होत्या. मतपत्रिका, सूचनांचा कागद, मतपत्रिका गुप्त ठेवण्याचा आतला लिफाफा, आणि परत पाठवण्याचा बाहेरचा लिफाफा. मतपत्रिका दोन्ही बाजूंनी छापलेली. राष्ट्राध्यक्षापासून सुरुवात, मग अमेरिकेचा सिनेटर, राज्याचा ॲटर्नी जनरल, ऑडिटर जनरल, खजिनदार, मग काँग्रेसचा आणि राज्य विधिमंडळाचा प्रतिनिधी. केंद्रावर उभं राहून मत देताना खालच्या नावांशी मी घाईनं पोचत असे. या वेळी जेवणाच्या टेबलावर बसून एकेका उमेदवाराबद्दल शोधून वाचलं. ऑडिटर जनरल नेमकं काय करतो हे मला या निमित्तानं नीट कळलं. टपाली मतदानाचा हा फायदा मी धरला नव्हता, पण तो मोठा आहे.

काळ्या किंवा निळ्या शाईनं लंबगोल पूर्ण भरायचा. भरलेली मतपत्रिका घडी घालून आतल्या लिफाफ्यात. त्यावर काहीही लिहायचं नाही, ना नाव, ना खूण. तो चिकटवून बाहेरच्या लिफाफ्यात. आतला लिफाफा वगळून मतपत्रिका थेट बाहेरच्यात घातली तर ती बाद होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच तसा निकाल दिलाय, आणि इथले लोक अशा पत्रिकांना 'नेकेड बॅलट' म्हणतात. आतला लिफाफा रिकामा दिसतो, कोरा दिसतो, म्हणून तो टाकून देण्याचा मोह होतो. टाकू नका.

बाहेरच्या लिफाफ्यावर एक प्रतिज्ञापत्र छापलेलं असतं. तिथे सही आणि तारीख. ही तारीख म्हणजे आपण सही करतो त्या दिवसाची, जन्मतारीख नव्हे. आणि इथे आपल्या सवयीचा खरा धोका आहे. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन महिना आधी. दसरा १२ ऑक्टोबरला होता, मी त्याच दिवशी सही केली. सातारच्या शाळेत शिकलेला हात १२/१० लिहायला निघतो, आणि इथे ते १० डिसेंबर वाचलं जातं. लिफाफ्यावर महिन्याच्या चौकटी आधी दिलेल्या आहेत, वर्षही छापलेलं आहे, तेव्हा चौकटीवरचं अक्षर वाचून १० आणि मग १२ लिहायचं. या तारखेवरून पेनसिल्व्हेनियात कित्येक वर्षं खटले चालू आहेत. २०२४ च्या मतमोजणीच्या वेळीही काही काउंट्यांनी तारीख नसलेल्या पत्रिका मोजायच्या ठरवल्या, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या मोजू नका असंच सांगितलं. कायद्यात काय असावं ते कोर्ट बघेल. आपली चौकट आपण नीट भरावी. दिवाळीच्या तयारीसाठी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात रोज शंभर निरोप येत होते, त्यात मी हा एक निरोप तीनदा टाकला.

पोस्टात टाकायची असेल तर तिकीट लागेल का, ते लिफाफ्यावर बघा. काही काउंट्या पोस्टखर्च भरतात, काही नाही. तेव्हा साधं तिकीट ७३ सेंटचं होतं. मी मात्र पोस्टाऐवजी काउंटीची पेटी निवडली. वाचनालयाच्या दाराशी ती ठेवलेली असते, ठरावीक वेळेत उघडी, बाजूला कर्मचारी. या पेटीचा एक नियम घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. स्वतःची मतपत्रिका स्वतःच टाकायची. आपल्या घरात एकजण बाहेर निघाला की चौघांची कामं घेऊन निघतो, विजेचं बिलही आणि शेजारच्या काकूंची औषधंही. मतपत्रिकेला ते चालत नाही, नवऱ्याची बायकोनं नेलेलीही नाही. अपंग मतदाराला लेखी अधिकार देऊन दुसऱ्या कुणाकडून पाठवता येते, तेवढाच अपवाद. म्हणून शनिवारी आम्ही दोघंही गेलो आणि आपापला लिफाफा आपापल्या हातानं आत सोडला.

१७ तारखेला साइटवर नोंद बदलली: मतपत्रिका मिळाली. मला एकदम हलकं वाटलं. मिळाली याचा अर्थ मोजली असा नाही. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी हे लिफाफे उघडायलाही परवानगी नाही, आणि म्हणूनच इथला निकाल उशिरा लागतो. पण माझ्या हातातलं काम संपलं होतं.

याच सुमारास, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबर. बातमी वाचताच मी दादाला फोन केला, कारण तारखांचा हिशोब तेव्हा माझ्या डोक्यात पक्का बसला होता. आईला जिना उतरता येत नाही. पंच्याऐंशी वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. आधी ही वयाची अट ऐंशी होती, ती २०२४ च्या मार्चमध्ये पंच्याऐंशी झाली. त्यासाठी १२-ड नमुन्यातला अर्ज द्यावा लागतो, आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला. लोकांच्या डोक्यात २० नोव्हेंबर असतं, आणि घरून मत देण्याची संधी ऑक्टोबरमध्येच, आकाशकंदील लागायच्या आत, संपलेली असते.

दादा म्हणाला, 'बीएलओ बाई येतील ना घरी, त्यांचं कामच आहे ते.' बीएलओ म्हणजे मतदान केंद्रापुरत्या यादीचं काम बघणारा सरकारी माणूस. आमच्या भागातल्या बीएलओ शाळेत शिक्षिका आहेत, आणि त्या खरोखरच आल्या. पण त्यांच्याकडे शेकडो घरं असतात. म्हणून दादानं आधीच त्यांना फोन करून आईचं नाव सांगून ठेवलं, आणि मतदार यादीत तिचं वय काय लिहिलंय ते तपासलं. हे नक्की करा. जुन्या यादीत आपल्या आयांची वयं अंदाजानं लिहिलेली असतात. आईचं वय यादीत दोन वर्षांनी कमी निघालं, तरी पंच्याऐंशीच्या रेषेवर ती बसली. अर्जात नाव, पत्ता, मतदार ओळखपत्राचा नंबर, यादीतला भाग आणि अनुक्रमांक, मोबाइल नंबर आणि सही. पोच घेतली. मी विमानात बसले तेव्हा तो अर्ज गेलेला होता.

एकदा हा अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मताची खूण होते, आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आईनं यावर दोन दिवस विचार केला. सगळ्या आळीबरोबर शाळेत जाऊन मत देणं तिला आवडतं, तिथे तिच्या मैत्रिणी भेटतात. पण गुडघा बघता तिनं हो म्हटलं.

साताऱ्यात पोचले आणि वसुबारसेच्या सुमारास लेकीचे फोन सुरू झाले. ती पिट्सबर्गला शिकते, एकोणीस वर्षांची, राष्ट्राध्यक्षपदासाठी तिचं हे पहिलं मत. तिची नोंदणी आमच्या घरच्या पत्त्यावर आहे. बाहेरगावी शिकणाऱ्यांना कॉलेजच्या गावी नोंदणी करायचाही पर्याय असतो, मात्र तो त्या वर्षी २१ ऑक्टोबरच्या आत, आणि नोंदणी एकाच ठिकाणी. परीक्षांच्या धांदलीत तिनं अर्ज २१ तारखेच्या आसपास केला. कायद्यानं तो पूर्ण वेळेत होता. मंजूर झाला, मतपत्रिका पोस्टात टाकल्याची नोंदही दिसली. वसतिगृहात मात्र काही आलंच नाही. पत्रांच्या खिडकीवर ती रोज जाऊन विचारायची.

त्या आठवड्यात बातम्याही अशाच येत होत्या. आमच्या शेजारच्या बक्स काउंटीत २९ तारखेला कार्यालयाबाहेर मोठ्या रांगा लागल्या, काही मतदारांना ५ च्या आधीच परत पाठवलं गेल्याची तक्रार कोर्टात गेली, आणि न्यायाधीशांनी त्या एका काउंटीपुरती मुदत शुक्रवार १ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. लेकीनं ते वाचून विचारलं, 'आई, मग आपलीही वाढली का?' नाही वाढली. कोर्टाचा आदेश ज्या काउंटीचा, त्या काउंटीपुरताच असतो.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पिट्सबर्गला सकाळ होती. अंगणात दादाची मुलं फुलबाज्या उडवत होती आणि मी माजघरात फोन कानाला लावून तिच्याबरोबर पर्याय मांडत होते. ऐन वेळच्या आजारपणासाठी किंवा अचानक आलेल्या कामासाठी २९ तारखेनंतरही तातडीची ॲबसेन्टी मतपत्रिका मागता येते, मतदानाच्या दिवशीही. पण तिची अडचण त्यात बसत नव्हती. शनिवारी मतपत्रिका हातात पडली असती तरी पोस्टानं मंगळवारी रात्री ८ पर्यंत परत पोचली नसती. उरला एकच मार्ग: घरी यायचं आणि आमच्या केंद्रावर प्रोव्हिजनल, म्हणजे आधी तपासून मग मोजली जाणारी, मतपत्रिका मागायची. राज्याच्या हेल्पलाइनवर तिनं स्वतः फोन करून विचारून घेतलं. तिकडच्या बाई फार शांतपणे बोलल्या म्हणे, आणि येताना ओळखपत्र जवळ ठेव असंही सांगितलं.

पिट्सबर्गहून आमच्या बाजूला येणारी 'पेनसिल्व्हेनियन' गाडी दिवसातून एकदाच सुटते, सकाळी. सात तासांच्या आसपास प्रवास. सोमवारचा वर्ग बुडवून ती निघाली, तिच्या बाबांनी पाओली स्टेशनवरून तिला घेतलं. मंगळवारी सकाळी केंद्रावर यादीत तिच्या नावापुढे टपाली मतपत्रिका पाठवल्याची नोंद होतीच. ती जवळ असती तर मतपत्रिका आणि बाहेरचा लिफाफा दोन्ही तिथे जमा करून, एका प्रतिज्ञापत्रावर सही करून तिला यंत्राजवळच्या साध्या रांगेत मत देता आलं असतं. (टपाली मतपत्रिका घेऊनही तुम्ही गावातच राहिलात आणि केंद्रावर जावंसं वाटलं, तर हे लक्षात ठेवा. कोरी पत्रिकाही आणि लिफाफाही, दोन्ही घेऊन जा.) ती नसल्यानं प्रोव्हिजनल. आधी प्रतिज्ञापत्रावर सही, मग मतपत्रिका गुप्ततेच्या लिफाफ्यात, तो दुसऱ्या लिफाफ्यात, त्यावर पुन्हा सही. केंद्रावरच्या अधिकाऱ्यांच्याही सह्या. एकही सही राहिली तर मत अडकतं, म्हणून तिनं प्रत्येक जागा बोट ठेवून विचारली. हातात नंबराची चिठ्ठी मिळाली. काउंटी सात दिवसांत ठरवते की दुसरी मतपत्रिका आलेली नाही ना, आणि नसेल तर हे मत मोजलं जातं.

तिकडचं घड्याळ ३ नोव्हेंबरला तासभर मागे गेलं होतं, त्यामुळे आमच्यातलं अंतर आता साडेदहा तासांचं. पेनसिल्व्हेनियात रात्रीचे ८ वाजले तेव्हा साताऱ्यात ६ तारखेची सकाळ, साडेसहा. मी चहाचं आधण ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात लेकीनं चिठ्ठीवरचा नंबर टाकून पाहिला: मत मोजलं. वसतिगृहात तिची हरवलेली मतपत्रिका १२ नोव्हेंबरनंतर कधीतरी आली. तिनं ती उघडली नाही.

आईकडे मतदान पथक यायचा दिवस आधी कळवला होता. त्या वेळी घरी कुणी नसेल तर ते आणखी एकदाच येतात. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा मुलगा. 'आजी, चष्मा घ्या,' एवढं म्हणून त्यांनी माजघरातल्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मी अमेरिकेची नागरिक, ओसीआय कार्ड असलं तरी मताचा हक्क मला इथे नाही, म्हणून मी वहिनीबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथून आईचा नुसता आवाज येत होता. 'इथे सही करू का? आणि ही घडी अशी?' मतपत्रिका छोट्या लिफाफ्यात, प्रतिज्ञापत्रावर सही आणि अधिकाऱ्याची साक्ष, मग दोन्ही मोठ्या लिफाफ्यात. माझ्या जेवणाच्या टेबलावर महिन्याभरापूर्वी झालं तेच, फक्त इथे डिंकाची बाटली होती. आईनं लिफाफ्याची कड अंगठ्याच्या नखानं तीन वेळा दाबली, पापडाच्या पिशवीची दाबते तशी, आणि मगच तो पेटीत सोडला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. पथकाला अजून कितीतरी घरं करायची होती, चहाही घेतला नाही त्यांनी.

अमेरिकेत परत आल्यावर दोन प्रश्न मला वारंवार आले. एक, भारतीय पासपोर्ट असलेल्यांचा: आम्हाला इथून टपालानं भारतात मत देता येईल का? नाही. परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला आपल्या गावच्या केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागतं. दुसरा, पुण्या-मुंबईत राहायला गेलेल्या अमेरिकन नागरिकांचा. त्यांच्यासाठी केंद्र सरकारचा वेगळा अर्ज आहे, त्यातून पेनसिल्व्हेनियाची कोरी मतपत्रिका ईमेलनं मिळू शकते. भरलेली मात्र कागदावरच परत पाठवावी लागते, आणि तिला मतदानानंतर आठवडाभराची सवलत आहे. २०२४ मध्ये ती १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ५ पर्यंत होती. सवलतीवर विसंबू नका, कुरिअर लवकर करा.

सप्टेंबरमध्ये मी ज्या वार्षिक चौकटीवर खूण केली होती, तिचा कागद २०२५ मध्ये आला. त्या चौकटीमुळे मतपत्रिका आपोआप येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. आपोआप येतो तो फक्त अर्ज, दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत, आणि तो भरून परत पाठवला नाही तर त्या वर्षी टपाली मतपत्रिका येत नाही. २०२५ मध्ये २० मे रोजी प्राथमिक निवडणूक होती, शाळा मंडळ आणि टाउनशिपच्या जागांची. पेनसिल्व्हेनियात प्राथमिक निवडणुकीत उमेदवार निवडायचे तर पक्षाची नोंद लागते, तेव्हा तीही आधीच तपासून घ्या. मी माझा अर्ज भरून पाठवला. लेकीनं या वेळी तिचा माझ्या आधीच पाठवला होता.